कानामागची झालर

नरकचतुर्दशीला आईने मला पाटावर बसवलं आणि कोमट तेलाची वाटी जवळ ओढली. तिला आता फार धूसर दिसतं, पण दिवाळीचं तेल माझ्या डोक्याला तीच लावणार, हा तिचा हट्ट.

मी टोपी काढली. तिचा हात कपाळावरून मागे सरकत गेला.

"अगंबाई, सगळंच गेलं की रे!"

"फोनवर सांगितलं होतं ना, आजोबांवर गेलोय."

"माझ्या अण्णांवर?" ती हसली. तिला वडिलांचं टक्कल तोंडपाठ होतं. "आधी कपाळाचे कोपरे मागे गेले, मग टाळू रुपयाएवढी उघडी पडली, मग पुढचं-मागचं एक झालं. आम्ही पोरी फिदीफिदी हसायचो. कानामागची झालर मात्र..."

बोलता बोलता तिची बोटं माझ्या कानामागे पोचली, मग मानेवर उतरली. तिथेही काही नव्हतं. पुढे येऊन तिने अंगठ्यांनी माझ्या भुवया चाचपल्या. त्याही नव्हत्या.

"अण्णांची झालर सरणावरसुद्धा होती," ती म्हणाली. "असे सगळे केस मी फक्त माझ्या ताईचे गेलेले पाहिलेत. कॅन्सरच्या औषधांनी."

"आई, दिवाळी झाली की सांगणार होतो."

ती रडली नाही. वाटीतलं उरलेलं तेल तिने तळहातावर घेतलं आणि तान्ह्या बाळाची टाळू भरतात तशी माझी टाळू भरायला लागली. अलगद, जराही जोर न लावता, जणू तिथली हाडं अजून जुळायची होती.