शिरगणतीचा रकाना

लोकसभेची राखीव जागा दुसरीकडं गेली म्हणून चुडाव्याचे तात्याराव गुरुजी तावातावानं कचेरीत हरकत घ्यायला आले. "जागा डोई मोजून देत्यात, गुरुजी. तुमच्याकडं महार भरलेच न्हाईत," म्हणत कारकुनानं शिरगणतीचं रजिस्टर पुढं सरकवलं. पानोपानी 'बौद्ध' लिहिलेलं, अन् अक्षर गुरुजींचंच. एकाहत्तर साली शिरगणतीला दारोदार फिरून त्यांनीच बजावलं होतं, "आता आपून महार न्हाई, बौद्ध. ताठ मानेनं सांगा!"

कारकून हसला. "बौद्ध राखीव जागेत धरत न्हाईत. सरकारदरबारी तुमी आता महार न्हाईत, बघा."

गुरुजींनी पाणी मागितलं.

"ओंजळ धरा," म्हणत कारकुनानं तांब्या हातभर वर उचलला.