नाव गुप्त ठेवले आहे

समीक्षाच्या शोधनिबंधाचा विषय होता गावच्या नदीतला रेतीउपसा. सरपंच भगवानरावांचे ट्रॅक्टर रेती नेतात, हे तिला नदीकाठी राहणाऱ्या विमलताईंनी सांगितलं, पण हात धरून म्हणाल्या, "माहं नाव कोठी येऊ देजो नको."

समीक्षानं शब्द पाळला. कच्च्या मसुद्यात तिनं एवढंच लिहिलं, 'ट्रॅक्टर गेले की एका महिलेच्या घरात फळीवरची भांडी वाजतात.' यवतमाळच्या कॉलेजातल्या सरांनी त्या वाक्याखाली रेघ मारून 'उत्तम' असा शेरा दिला.

आज सकाळी भगवानराव स्वतः घरी आले. त्यांच्या हातात त्याच मसुद्याची, सरांच्या शेऱ्यासकट काढलेली झेरॉक्स होती. समीक्षानं त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"मस्त लिहून राह्यली तू, पोरी. कोनाचंच नाव नाही टाकलं, बरं केलं."

तिच्या जिवात जीव आला.

"भांड्यायचं तं मले लयच आवडलं," चहाचा कप खाली ठेवून ते उठले. "नदीच्या काठाले घर एकच हाय ना आपल्या गावात?"

बाहेर त्यांचा ट्रॅक्टर सुरू झाला, तशी समीक्षाच्याच स्वयंपाकघरातली भांडी वाजू लागली.

मग तो नदीकडे वळला.