पाचवी बैलजोडी

बेनेदिक्ताने पुन्हा मोजल्या. आढ्यावर मातीच्या बैलजोड्या पाच होत्या, आणि तिच्या हातातल्या कागदांवर घराच्या मालकांची नावं चार.

पेरूतल्या कुस्को शहरातल्या त्या चढणीच्या गल्लीत घराला नवा मालक आला की त्याचा धर्मबाप बैलजोडी आणतो, पाद्रीबाबा तीवर तीर्थ शिंपडतात आणि ती कौलांच्या आढ्यावर बसते. आधीच्या मालकाची जोडी कुणी काढत नाही. आशीर्वादाच्या वस्तूला कोण हात लावणार?

"ती टोकाची कुणाची हो?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"खेचरवाल्या वाल्पाची," घर विकायला काढलेला वाल्दिविया म्हणाला. "शेजारची मेणबत्त्या करणाऱ्या कासेरेसबाईंची. मग आमच्या बाबांची. आणि ती निळ्या शिंगांची माझी." बाबांच्या जोडीवरून त्याचं बोट उडी मारून पुढे गेलं होतं.

"आणि मधली तांबडी?"

"कुठली? हां, ती होय. गवंड्याने एक जास्तीची बसवली असेल. बाई, तुम्ही घर घेताय की गुरं?" तो हसला. "चला, भट्टी बघा आधी."

भट्टी खरंच देखणी होती. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या भट्टीत पाव भाजलेल्या बेनेदिक्ताने तिच्या घुमटावर हात टेकला, आणि तो तिला काढवेना. गुरुवारी नोटरीपुढे सही करायची होती.

"तांबडी जोडी कुणाची तेवढं कळू द्या," ती दारातून म्हणाली. "मग सही करते."

वाल्दिवियाचं हसू ओठांवर तसंच राहिलं. "गुरुवारपर्यंत तुमची शंका फेडतो."

बाहेर कोपऱ्यावर उकडलेली कणसं विकणाऱ्या आसुंताआजीने टोपलीवरचं फडकं काढण्याआधी रोजच्यासारखं त्या आढ्याकडे बघून कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली. आढ्याच्या पार टोकाला बसवलेल्या क्रुसाला करत असेल, असं बेनेदिक्ता मनाशी म्हणाली. पण म्हातारीची नजर क्रुसाच्या बरीच अलीकडे थांबली होती.

गुरुवारी बेनेदिक्ता ठरल्या वेळेच्या तासभर आधीच आली. वाल्दिविया अंगणात तयार होऊन उभा होता.

"मोजा आता."

तिने मोजल्या. चार. तांबडी जोडी होती तिथे शेवाळल्या आढ्यावर दोन स्वच्छ डाग होते, बैलांच्या पोटाएवढे.

"जुळलं ना?"

"काढलीत?"

"तुमच्याच मनाला शांती म्हणून. चला, नोटरीकडे लवकरच जाऊन बसू."

कोपऱ्यात सातुर्निनो गवंडी शिडी आवरत होता. बेनेदिक्ता त्याच्याजवळ गेली. "त्या बैलांचं काय केलंत?"

"मी म्हटलं होतं, कचऱ्यात टाक," वाल्दिविया मागून बोलला.

"तीर्थ पडलेले बैल कचऱ्यात कसे टाकू, सिन्योर?" गवंड्याने मान वर केली नाही. "ज्याचे त्याला देऊन आलो."

"कुणाला?" वाल्दिविया म्हणाला.

गवंडी शिडीची दोरी आवळत राहिला. वाल्दिवियाने पुन्हा विचारलं नाही. खिशातला रुमाल काढून त्याने मान पुसली. सकाळ तशी थंडच होती.

बेनेदिक्ताने कागदांची घडी केली आणि ती गल्लीत आली.

आसुंताआजीची टोपली आज झाकलेलीच होती. मांडीवर दोन तांबडे बैल घेऊन ती शालीच्या टोकाने त्यांचं शेवाळ पुसत होती. बेनेदिक्ता तिच्याशेजारी पायरीवर बसली.

"तुमचे, आजी?"

"माझे. थोरल्या सिन्योरांचं नऊ वर्षं दुखणं काढलं मी. मरायच्या आधी त्यांनी घर मला लिहून दिलं." आजीने बैलाच्या कानात नख घालून माती उकरली. "मला कुठे वाचता येतं, लेकी? धाकटे म्हणाले, आण, कागद वाचून दाखवतो. बावीस वर्षं झाली. अजून वाचतायत."

वर दारात वाल्दिविया येऊन उभा होता. त्याने घड्याळाकडे बोट केलं. त्याच्या मागे उघड्या दारातून भट्टीचा घुमट दिसत होता.

बेनेदिक्ताने तिकडे पाहिलं, मग म्हातारीकडे वळली.

"आजी, घर विकायचंय का तुम्हाला?"

आसुंताआजीने दोन्ही बैल पुसून शेजारी शेजारी उभे केले. तोंडं आढ्याकडे.

"आधी हे जागेवर जाऊ देत," ती म्हणाली. "मग बोलू."