रोजबीनचं लग्न

"हा डोंगर काढा," तुरुंगरक्षक बेकिर म्हणाला.

मीरहातने कोठडीच्या दारातल्या झरोक्यातून आपल्या गोष्टीचे कागद परत घेतले. "गाव डोंगरातच आहे, बेकिरभाऊ."

"असेल. पण कुर्दाने डोंगर लिहिला की वर कोण बंडखोर बसलेत ते विचारतात. उंचवटा लिहा."

मीरहातने उंचवटा लिहिला. नगराध्यक्ष असताना एका भाषणापायी तो आत आला होता. आता एका डोंगरापायी अडकायची त्याची तयारी नव्हती. कैद्यांचा प्रत्येक कागद बाहेर जाण्याआधी बेकिर वाचायचा. शिवाय कैदी सुधारला की नाही, त्याला सोडायचं की नाही, हे ठरवणाऱ्या तुरुंगाच्या मंडळावरही तो होता. मंडळ गुरुवारी बसणार होतं. तिकडे दियारबकीरला मीरहातच्या बायकोने त्याच्यासाठी भरायची वांगी वाळवून दोरीला टांगलीसुद्धा होती.

"बरं, रोजबीन लग्न कोणाशी करते? गिरणीवाल्याशी की तस्कराशी?"

"पुढच्या भागात."

"तुम्हा लोकांत लग्नाला इतका वेळ का लागतो हो?"

"काका फार असतात."

बेकिर गेला. पलीकडच्या खाटेवरून सालिहमामा उठून बसला. तीन तुरुंग पाहिलेला माणूस. "लागला गळाला! आता शेवट सांगू नकोस. एकदा काम झालं की वाचक काय, मतदार काय, कोणी ओळख देत नाही."

मीरहातला हे अनुभवाने पटलं. त्याने गिरणीवाल्याला तापाने झोपवलं, तस्कराचं खेचर हरवलं, आणि रोजबीनच्या दारावर थाप पडली तिथे थांबला.

बेकिर आता झरोक्यातून चहा देऊ लागला. "नियमाने हा तस्कर मला खोडायला हवा," तो म्हणाला. "पण राहू दे. मनाने चांगला आहे. बायकोला मी म्हटलं, नवरा गिरणीवालाच होणार, तर तिने माझ्याशी बोलणंच बंद केलंय."

बुधवारी मीरहातने विषय काढलाच. "उद्या मंडळ आहे."

"काळजी कसली, अध्यक्ष? तुमच्या बाजूने मीच बोलणार. मंडळाच्या मोठ्या साहेबांनाही गोष्ट सांगितलीय. ते तर तस्करावरच अडून बसलेत."

गुरुवारी सकाळीच मामाने मीरहातची पिशवी भरली. वर स्वतःचे लोकरी मोजे ठेवले. "घरी गेलास की दोन वांगी माझ्या नावाने खा."

दुपारी बेकिर आला तो धापा टाकतच. चेहरा नुसता फुललेला.

"एकमत झालं! इतका सुधारलेला कैदी पाहिला नाही, असं साहेब स्वतः म्हणाले."

मीरहातने मामाला मिठी मारली, डोळे पुसले आणि पिशवी खांद्याला लावली.

"ती ठेवा हो खाली," बेकिर झरोक्यातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा आत सरकवत मायेने म्हणाला, "तुमचा मुक्काम सहा महिने वाढवून घेतलाय. रोजबीनचं लग्न घाईत उरकायला नको."