शेरूची शिकार

शेरूनं उंदीर आणला आणि वर्षालीच्या पायाशी ठेवला.

"आई! आई, लवकर या! शेरूनं उंदीर मारला!"

मैनाबाई पदराला हात पुशीत स्वयंपाकघरातून आली आणि उंबऱ्यातच थांबली. उंदीर चांगला दांडगा होता. सुनेचं कुत्रं त्याच्याहून फार मोठं नव्हतं.

केस.

पाठीवर पोलादासारखे निळसर, तोंडावर आणि पायांवर तांबूस. सरळ, रेशमासारखे, बाईमाणसाच्या केसांसारखे. कण्यावर भांग पडून दोन्ही अंगांनी जमिनीपर्यंत आलेले. डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून डोक्यावर रबर बांधून शेंडी. अमरावतीच्या माहेराहून सून हे धन काखेत घेऊन वलगावात उतरली, त्या दिवशी मैनाबाईनं चारचौघींत विचारलं होतं, "आधी वेणीफणी कोनाची होते व, तुही का याची?" अख्खी आळी हसली होती.

मूळ.

"दिसतो बाहुलीसारखा, पण हा शिकारी आहे, आई. विलायतेत कापडगिरण्यांमधले उंदीर मारायला कामगारांनी ही जात पाळली. एवढासा का? तर फटीत शिरता यावं म्हणून."

"हे उंदीर मारते? उंदीरच याले बिळात वढत नेईन."

आयुष्य.

"पंधरा वर्षंसुद्धा जगतात हे."

"म्हंजे मले पुरून उरते म्हन."

शिकार.

"आता बोला!" वर्षाली म्हणाली. शेरू छाती काढून उभा होता. हनुवटीचे लांब केस ओले होऊन एकमेकांना चिकटले होते.

मैनाबाई उंदराकडे पाहत होती. उंदराच्या मिशांना हिरवट चुरा लागला होता.

सकाळी सून आंघोळीला गेली तेव्हा मैनाबाईनं कोठीत, तुरीच्या पोत्यांमागं, उंदरांचं हिरवं औषध कालवलेल्या कणकेच्या गोळ्या टाकल्या होत्या. घरात कुत्रं आहे, औषध तेवढं नको, असं सुनेनं हात जोडून सांगितलं होतं. म्हणून गुपचूप. कोठीला कडी लावली होती.

लावली होती ना?

हा उंदीर पळालाच नसेल. गरगरत भिंतीला टेकला असेल आणि ह्यानं उचलला असेल. शिकार कसली! आणि गोळ्या तिथंच, जमिनीवर, ह्याच्या तोंडाच्या उंचीवर.

"कवाचा कोठीत होता हा?"

"अर्धा तास तरी झाला असेल. मी म्हटलं, गेला कुठं!"

"खाल्लं का त्यानं काही?"

"शी! उंदीर खात नाही तो, आई. नुसता झटकून मारतो." वर्षालीचे डोळे भरून आले होते. "सगळे हसायचे मला. आता तुम्हीच सांगा आळीत, हा कामाचा आहे म्हणून. तुम्ही सांगितलं की लोक ऐकतील."

"वर्षाली, आईक माय..."

"हं?"

सून ह्या घरात आल्यापासून तिचा चेहरा असा कधी उजळला नव्हता. मैनाबाईनं तो पाहिला. ती खाली बसली. आजवर ज्या कुत्र्याला तिनं पायानंसुद्धा शिवलं नव्हतं, त्याला ओढून तिनं मांडीवर घेतलं.

वर्षाली बघतच राहिली. मग तिनं घाईघाईनं नवऱ्याला फोन लावला.

"अहो, खोटं नाही सांगत! आईंनी शेरूला मांडीवर घेतलंय. हो, स्वतःहून! थांबा, फोटोच पाठवते." तिनं मोबाईल समोर धरला. "आई, इकडे पाहा ना. हसा की थोडं."

मैनाबाईनं वर पाहिलं. तिची दोन बोटं शेरूच्या जबड्यात होती, दाढांच्या मागं चाचपत. बोटांना हिरवट कणीक लागली. शेरू चावला नाही. शेपटी हलवत तो ती बोटं चाटत होता.