निळ्या रंगाचा डबा

“हिला घेऊन जा ना, दादा,” पंपावरचा माणूस काच पुसता पुसता म्हणाला. “सकाळपासून उभी आहे. दोन ट्रक परत पाठवले बाईसाहेबांनी!”

मुलगी इतकी लाजली की तिला कुठे बघावं तेही कळेना. गास्तोनने लाल पिकअपचं दार आतून ढकललं.

“कुठे?”

“आंतोफागास्ता. आईकडे.” मग हळूच, “ट्रकवाल्यांची भीती वाटते हो.”

नाव यास्ना. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. मागे टाक म्हटलं तरी टाकेना. गास्तोनही काही बोलका नव्हता. चोविसाव्या वर्षीच म्हाताऱ्यासारखं तोंड करून बसतो, असं त्याची आई येताजाता म्हणायची. ला सेरेना शहर मागे पडलं तरी दोघांत मिळून चार वाक्यंसुद्धा झाली नाहीत.

वाटेत आनिमिता लागली की तो हॉर्न वाजवी. रस्त्यावर माणूस जिथे गेला तिथे घरच्यांनी बांधलेलं ते गुडघाभर घर. आत फोटो, फुलं, पाण्याची बाटली. इकडचे ड्रायव्हर आठवण झाली तर वाजवतात, हा पठ्ठ्या एकही चुकवत नव्हता.

“तुम्ही एकपण सोडत नाही,” यास्ना म्हणाली.

“अहो-जाहो काय करतेस? मी काय तुझा मास्तर आहे?”

ती पहिल्यांदा हसली. मग मात्र गाडी रुळावर आली. बाहिया इंग्लेसाला दोघं समुद्रात उतरली, तेव्हाही पिशवी हिच्या खांद्यावरच.

“सोनं आहे का गं त्यात?”

“तुला काय करायचंय?” म्हणाली, आणि ओंजळभर पाणी त्याच्या तोंडावर मारलं.

किनाऱ्यावर चीज भरलेल्या करंजीसारखी गरम एंपानादा खाताना चीजची तार तिच्या हनुवटीला चिकटली. गास्तोन पोट धरून हसला. आपल्याला असं हसता येतं, हे तो विसरूनच गेला होता.

ती रात्री गाडीत झोपली, तो मागे उघड्यावर. सकाळी निघाल्यावर गिअरवरच्या त्याच्या हातावर तिने आपला हात ठेवला आणि बाहेर बघत बसली. हा रस्ता संपूच नये, असं गास्तोनला वाटलं.

“मागे काय खडखडतंय?” तिने विचारलं.

“रंगाचा डबा. मामाच्या होडीसाठी.”

त्याला होडीवाला मामा नव्हता.

सहा वर्षांपूर्वी, आजच्याच तारखेला, अकरा फेब्रुवारीला, याच रस्त्याने तो एकटा चालला होता. उलटलेल्या मोटारसायकलशेजारी एक माणूस बसल्या बसल्या हात करत होता. असा हात करून गाड्या लुटतात, असं गावात सगळे सांगायचे. अठरा वर्षांचं पोर ते, घाबरलं. पाय ब्रेकवर गेलाच नाही. परत येताना तिथे क्रॉस रोवलेला होता, त्यावर नाव: निबाल्दो. पुढच्या वर्षी आनिमिता उभी राहिली. तेव्हापासून दर अकरा फेब्रुवारीला गास्तोन जाऊन तिला निळा रंग देई आणि दगडाखाली चिठ्ठी ठेवी. चिठ्ठीत नाव नसायचं. जवळच्या खानावळीतली बाई त्याचे निळे हात बघून म्हणायची, “आलास का रे वर्षाचा पाहुणा?” आणि लाल गाडी कुठून आणलीस, आदल्या दिवशी कुठल्या पंपावर थांबलास, सगळं विचारून घ्यायची. गेल्या वर्षी तो ब्रश आनिमितेपाशीच विसरला. यंदा नवा घेतला होता.

घरातसुद्धा कोणाला हे माहीत नव्हतं. आता यास्नाला सांगायचं? हात करणाऱ्या माणसाला मी तसाच सोडून गेलो, असं? हा हात लगेच मागे घेईल ती.

चान्याराल गाव मागे पडलं. ओळखीची टेकडी दिसली. गाडी आपोआप जरा हळू झाली.

“इथे कुठे थांबायचंय का तुला?” यास्नाने विचारलं.

“इथे?” तो हसला. हसू त्याचं त्यालाच खोटं वाटलं. “या वाळवंटात आपलं कोण आहे?”

“बघ हं. मला काही घाई नाही.”

“नको गं. चल, भूक लागलीये.”

उद्या परतताना एकटा येईन, रंग देईन, दोन चिठ्ठ्या ठेवीन, असं त्याने मनाशी ठरवलं. गाडी जोरात निघून गेली. उन्हाने विटलेला निळा ठिपका आरशात लहान होत गेला. त्याच्या हातावरचा हात कधी उचलला गेला, ते त्याला कळलं नाही.

“या आनिमितेला हॉर्न नाही वाजवलास,” ती म्हणाली.

“दिसलीच नाही.”

तिने पिशवी पुन्हा घट्ट धरली. गास्तोनने दोनदा थट्टा केली, एकदा गाणं लावलं. दमली असेल, असं मनाशी म्हणाला.

आंतोफागास्ताला चढावरच्या एका गल्लीच्या तोंडाशी तिने गाडी थांबवायला सांगितली. वरच्या घरातून कांदा परतल्याचा वास येत होता. दारात एक बाई एप्रनला हात पुसत उभी होती आणि डोळ्यांवर हात धरून गाडीत कोण आहे ते बघत होती.

“यास्ना, परत भेटशील?” गास्तोनने सगळा धीर गोळा करून विचारलं. “मला तू फार आवडलीस गं. खरंच.”

“मलापण,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “म्हणून तर दिवसभर वाट बघितली.”

दोन दिवसांत पहिल्यांदाच तिने पिशवी उघडली. आतून एक ब्रश काढून त्याच्या मांडीवर ठेवला. केसांवर निळा रंग वाळून दगड झाला होता. दांड्याला दोऱ्याने पाच चिठ्ठ्या बांधल्या होत्या. सगळ्यांत वरच्या चिठ्ठीवर त्याचंच अक्षर: ‘माफ कर. तू हात केलास आणि मी थांबलो नाही.’

ती खाली उतरली. दार लावायच्या आधी वाकून म्हणाली, “निबाल्दो माझा दादा. आईने सांगितलं होतं, या वेळी तो दादापाशी थांबला, तर त्याला जेवायला घरी घेऊन ये.”