अजून येत नाही

प्रांजलनं फळ्याशेजारी चिठ्ठी चिकटवली, ‘मला वेणी घालता अजून येत नाही.’ आई गेल्यानंतर पंधरा दिवसांनी ती आज शाळेत आली होती, मोकळ्या केसांनी, रिबन मुठीत धरून.

जमदाडे बाईंच्या तिसरीच्या वर्गात नुसतं ‘येत नाही’ म्हणायला बंदी होती. ‘अजून येत नाही’ असं लिहून लावायचं आणि शिकलं की आपल्या हातानं चिठ्ठी काढायची. यंदा एकही चिठ्ठी आठवड्याच्या वर टिकली नव्हती, याचा बाईंना कोण अभिमान!

मधल्या सुट्टीत त्यांनी खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पेड बांधले. “हे बघ, कडेचा पेड मधल्यावर आणायचा...”

बोलणं संपण्याआधीच प्रांजलची बोटं सरसर चालली. वेणी घट्ट, एकसारखी उतरली.

“अगं, तुला तर छान येते! काढ बघू चिठ्ठी.”

प्रांजल जागची हलली नाही. “आईनं दिवाळीतच शिकवली होती, बाई. मला वाटलं, येत नाही म्हटलं की तुम्ही घालून द्याल.”

बाईंनी तिला पुढ्यात बसवलं आणि मुठीतली रिबन सोडवून घेतली.

ती चिठ्ठी वार्षिक परीक्षेपर्यंत भिंतीवर होती.